गावचं जुनं घर आणि वाडा : मिरगाच्या आधी काय काय उरकावं?

ओटीवरचा | 19 मार्च 2025
मंडळी, शिमग्याला गावी (दापोली तालुका) जाऊन आलो. पालखी दारात आली तेव्हा ओटीवर उभं राहायची लाज वाटली अशी अवस्था आहे घराची. पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मंगलोरी कौलं, ओटी-माजघर-मागची पडवी आणि पन्नास पावलं खाली उतरलं की वाडा. आजी गेल्यापासून नऊ वर्षं बंदच, गणपतीत पाच दिवस उघडायचं, जळमटं काढायची, परत कुलूप. 2020 च्या निसर्ग वादळात घराची कौलं गेली ती तेव्हाच बसवली, पण वाड्याचं अर्धं छप्पर उघडं राहिलं ते राहिलंच. वर निळी ताडपत्री टाकली होती, तिच्या आता चिंध्या झाल्यात आणि वरच्या बाजूच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ उगवलाय.

यंदा मे अखेरपर्यंत गावातूनच ऑफिसचं काम करायची परवानगी मिळवली आहे. रेंज मागच्या पडवीत येते, तेवढी पुरे. बजेट साडेतीन लाख. सुरुवात कुठून करू? वाडा ठेवू की पाडून चिरे घराला वापरू? गुरं एकही नाही. ठेवला तर पत्रा की कौल? बायको म्हणते पाड, बाबा म्हणतात हात लावू नकोस, काका म्हणतात काय करायचं ते कर पण मला विचारून कर.

सदाशिवपेठी | 19 मार्च
वाडा पाडताय म्हणजे बिल्डरला देताय का? किती मजली आहे? भाडेकरू आहेत का आत?

ओटीवरचा | 19 मार्च
अहो आमच्याकडे वाडा म्हणजे गुरांचा. गोठा.

सदाशिवपेठी | 19 मार्च
म्हणजे आमच्या वाड्यात गुरं राहत नाहीत असं तुम्हाला म्हणायचंय. आमचे भाडेकरू बघितलेले दिसत नाहीत तुम्ही.

मांगरकार | 19 मार्च
आमच्या मालवणात तेका मांगर म्हनतत. पाडू नकात. पाडूक एक दिस लागता, परत बांदूक जलम.

पागोळी | 20 मार्च
आम्ही चार वर्षांपूर्वी गुहागरकडचं सासरचं घर असंच काढलं त्यामुळे चुका तयार आहेत, घ्या. पहिली चूक म्हणजे आम्ही सुरुवात रंगापासून केली. म्हणजे आतून. भिंती घासल्या, पुट्टी, रंग, माजघरात टाइल्स, फोटो काढले, सगळ्यांनी अंगठे दिले. जुलैत गेलो तर भिंतीला कमरेपर्यंत ओल आणि रंगाचे पापुद्रे हातात येत होते. कारण काय तर घराच्या वरच्या अंगाचा पाण्याचा पाट पंधरा वर्षांत पालापाचोळ्याने बुजलेला, डोंगराकडचं सगळं पाणी मागच्या भिंतीला येऊन टेकत होतं. चार माणसं, दोन दिवस, फावडं आणि घमेलं, एवढ्यात झालं असतं ते काम.

म्हणून आधी घराभोवती फिरा. पागोळ्या कुठे पडतात, तिथली माती भिंतीकडे उतरती आहे का बाहेर, पाट कुठून होता हे शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला माहीत असतं. मग छप्पर. मग लाकूड. रंग पुढच्या वर्षी, आणि टाइल्सचा विचार करायचाच तर एक पावसाळा त्या घरात काढून मग करा.

जुना_गवंडी | 20 मार्च
पागोळीताईंशी शंभर टक्के सहमत. यात माझी भर. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका, कितीही कुणी सांगितलं तरी. जांभा ओल पितो आणि परत सोडतो. खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो इतका मऊ, वाऱ्याउन्हात ठेवला की कडक होतो. त्याला बाहेरून सिमेंटने बंद केला की आत शिरलेलं पाणी जाणार कुठे, ते घरात येतं. उघडाच ठेवा आणि फक्त सांधे भरा, चुन्याने जमलं तर उत्तम. चुना करायला माणूस मिळत नाही हे खरं, आणि मिळाला तर तो आधी गूळ आणि हिरडा आणायला सांगेल आणि तुम्हाला वाटेल हा वैद्य आहे की गवंडी.

अजून एक, जे शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्याचं काम आत्ताच करून घ्या. सांधे, कोबा, जोते, जे जे मुरायला पाणी मारावं लागतं ते सगळं मार्चात. मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो, तेव्हा प्यायला की भिंतीला असा प्रश्न येतो. सुतारकाम आणि कौलं मेमध्ये केली तरी चालतात, त्यांना पाणी लागत नाही.

खार_खाजण | 20 मार्च
आणि मेमध्ये सुतार कुठून आणणार? आंब्याच्या दिवसात सगळं गाव बागेत, पेट्या भरायला. पाडवा झाला की माणूस मिळत नाही. आजच फोन करा.

चाकरमानी_चाळीस | 21 मार्च
सरळ पत्रा घाला आणि मोकळे व्हा. आमच्याकडे वानरांचे दोन कळप आहेत, ते येतात, आंब्यावरून कौलावर उडी, कौलावरून फणसावर. वर्षाला दोनशे कौलं जातात. बाबा ऐंशी वर्षांचे, ते शिडी लावून चढणार का? कौलाचं प्रेम ज्याला आहे त्याने जूनच्या रात्री अंथरूण उचलून कोपरे बदलून बघावेत.

पागोळी | 21 मार्च
आणि पत्र्याचं प्रेम ज्याला आहे त्याने मेच्या दुपारी दोन वाजता त्याच्याखाली जेवून बघावं. पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाशी खुणांनी बोलायचं ते वेगळंच.

चाकरमानी_चाळीस | 21 मार्च
आमच्या घरी तो फायदा समजतात :)

जुना_गवंडी | 21 मार्च
दोघंही बरोबर आहात. आता बरेच लोक खाली पत्रा आणि वर कौल असं करतात. वानराने कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही आणि घरही तापत नाही. पण त्याचा खर्च दुप्पट. घराला करायचा तर करा, वाड्याला नको.

वाड्याचं माप सांगा म्हणजे कौलं किती लागतील ते सांगतो.

ओटीवरचा | 21 मार्च
चाळीस बाय अठरा फूट, दोन्ही बाजूंना उतार. आढं शाबूत दिसतंय, खालचे खांब ऐनाचे आहेत असं बाबा म्हणतात.

जुना_गवंडी | 21 मार्च
उतार आणि वळचण धरून साडेनऊ ब्रास पकडा (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट). मंगलोरी कौल ब्रासला दीडशेच्या आसपास बसतं म्हणजे पूर्ण छपराला चौदाशे, तुम्हाला अर्ध्याला सातशे. फुटणारी वेगळी धरा, पन्नासेक. नवी घेऊ नका, जिथे जुनं घर पाडून स्लॅब टाकतायत तिथे जाऊन विचारा. एकेक कौल हातात लोंबतं धरून बोटाच्या पेराने वाजवायचं, टण्ण वाजलं तर घ्यायचं, भद्द वाजलं तर आत भेग आहे. आणि एकाच छापाची घ्या, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, खाच चुकते. बासेल मिशनने मंगळुरात पहिला कारखाना काढला 1865 साली, त्यानंतर तिथे कारखानेच कारखाने झाले, त्यामुळे पोटातला छाप बघितल्याशिवाय गाडी भरू नका.

सदाशिवपेठी | 21 मार्च
माणसाला कळायला पाहिजे की नुसतं दिसण्यावर जाऊ नये, वाजवून बघावं. जावई निवडताना आम्ही हीच चूक केली.

सातबारावाली | 22 मार्च
सगळे कौलांवर बोलतायत, मी रुक्ष बोलते. उताऱ्यावर नावं किती आहेत?

ओटीवरचा | 22 मार्च
19. त्यातले सहा जण हयात नाहीत. घरपट्टी काकांच्या नावावर.

सातबारावाली | 22 मार्च
मग साडेतीन लाख खर्च करायच्या आधी हे वाचा. दुरुस्ती केली म्हणून घर तुमचं होत नाही, आणि उद्या वाटप झालं तर खर्चाचा हिशोब तोंडी असेल तर तो नव्हताच असं समजा. गेलेल्या सहा जणांच्या वारस नोंदी करून घ्यायला तलाठ्याकडे अर्ज द्या, ते काम छपराइतकंच जुनं होत जातं. ज्यांचा फोन लागतो त्या सगळ्या सहहिस्सेदारांचा एक ग्रुप करा, आधीचे फोटो टाका, काय करणार ते लिहा, कुणाची हरकत आहे का विचारा. 'हरकत नाही' एवढं लिहून आलं तरी बरं. प्रत्येक पावती तिथेच टाका. आणि घर गावठाणात आहे की शेतजमिनीत हे बघा. स्वामित्व योजना 2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, ती ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देते. कोकणातल्या वाड्या (अहो सदाशिवपेठी, या वाड्या म्हणजे वस्त्या) पुष्कळदा शेतजमिनीतच विखुरलेल्या असतात, तिथे तुमचा आधार सातबाराच.

काका 'विचारून कर' म्हणतात ते चांगलं लक्षण आहे. विचारा. रोज विचारा. कंटाळून परवानगी देतील.

खार_खाजण | 22 मार्च
वासे बदलावे लागले आणि स्वतःच्याच जागेतलं झाड तोडायचा विचार असेल तर थांबा. साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस ही सगळी 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगी काढावी लागते. आमच्या शेजाऱ्याने स्वतःचा फणस तोडला आणि वर्षभर हेलपाटे मारले.

मिशिगनवासी | 23 मार्च
इकडे आमच्या गावाबाहेर मोठमोठे लाकडी बार्न आहेत, बरेचसे रिकामे. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचा बार्न ठेवलाय आणि तो मला म्हणाला की बर्फ वितळला की तो सगळ्यात आधी छपराचा कोपरा आणि पायाजवळचं पाणी बघतो, बाकी सगळं नंतर. वरचा पागोळीताईंचा प्रतिसाद वाचून हसू आलं, शब्द न् शब्द तेच. फरक एवढाच की त्याच्याकडे वानरं नाहीत.

चाकरमानी_चाळीस | 23 मार्च
इथून दोन कळप पाठवू का? भाडं तुम्ही द्या.

रानपाखरू | 24 मार्च
एक गंभीर गोष्ट कुणीच बोलत नाहीये. नऊ वर्षं बंद वाडा, पडलेले चिरे, कौलांचे ढीग, पालापाचोळा, म्हणजे फुरसं असणारच असं धरून चाला. छोटं असतं, वीतभर-हातभर, मातीच्या रंगाचं, दिसत नाही. अंगाची घडी घालून खवले घासतं त्याचा करवतीसारखा आवाज येतो, तो ऐकू आला तर पाय तिथेच थांबवा. चिरा उचलताना बोटं खाली घालायची नाहीत, पहारीने आपल्याकडे कलंडवायचा म्हणजे मधे चिऱ्याची आड राहते. गमबूट, जाड हातमोजे. चावलंच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं असलं काही नाही, हात किंवा पाय हलवू न देता सरळ दवाखान्यात. प्रतिविष जवळ कुठे ठेवलेलं असतं ते आत्ताच विचारून ठेवा.

धामण दिसली तर मात्र राहू दे. उंदरांसाठी आलेली असते.

ओटीवरचा | 24 मार्च
हे वाचून बायकोने माझं तिकीट रद्द करायला सांगितलंय. मी जातोय पण.

पागोळी | 24 मार्च
आणखी एक, वणवा. वाड्याच्या माळ्यावर जुना पेंढा असेल तर तो आधी बाहेर काढा आणि चहूबाजूंनी दहा-पंधरा फूट गवत साफ करा. चैत्रात कुणीतरी कुठेतरी भाजावळ लावतो, वारा फिरतो आणि चार वाड्यांवरचं गवत पेटतं. आमची काजूची चाळीस कलमं अशीच गेली. लावणारा कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे, सांगत कुणी नाही.

ओटीवरचा | 13 एप्रिल
अपडेट. येऊन अठरा दिवस झाले. पाट उघडला, त्यात दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या माती, एक चप्पल आणि आजीची हरवलेली तांब्याची लोटी निघाली. लोटीवरून आत्या आणि काकू यांच्यात तीस वर्षांचं भांडण होतं, एकमेकींनी ढापली म्हणून. फोटो ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ग्रुप एकदम शांत आहे.

पिंपळ: आमचा बिगारी दोर लावून ओढायला निघाला होता, वेळेवर थांबवला. मग जुना_गवंडींना मेसेज केला होता, त्यांच्या सांगण्याप्रमाणे भिंतीचा तेवढा तुकडाच उतरवला. भिंत मातीत रचलेली असल्यामुळे चिरे सुटे निघाले, एकही फुटला नाही. मूळ पार आतून जोत्यापर्यंत गेलेलं, सगळं काढलं, तेच चिरे परत रचले. ओढलं असतं तर अख्खी भिंत आली असती.

लाकूड: पेचकस घेऊन प्रत्येक खांबाला आणि वाशाला टोचत फिरलो. ऐनाचे खांब लोखंडासारखे, पेचकस शिरतच नाही. पण ताडपत्रीखालचे नऊ वासे पोकळ, वरून साल शाबूत आणि आत वाळवीने नुसती माती भरून ठेवलेली. बाबांना दाखवलं तर म्हणाले हे आंब्याचे आहेत, 1983 ला घाईत घातले होते, मी तेव्हाच म्हणत होतो. त्यांना आनंदच झाला.

फुरसं एक दिसलं. मी ओरडलो ते वरच्या वाडीत ऐकू गेलं म्हणे.

मांगरकार | 13 एप्रिल
नवीन वाशांका काजूच्या टरफलाचा तेल लावा, वाळवी तोंड लावूची नाय. आमचे होडयेवाले लावतत. पण हातार पडला तर भाजता, फोड येतत. गोणपाट गुंडाळलेल्या काठयेन लावा, आणि पोरांका लांब ठेवा.

आवळाजावळा | 14 एप्रिल
हो ते तेल भयंकर. माझ्या भावाने उघड्या हाताने लावलं आणि त्याच हाताने घाम पुसला. लग्न होतं आठ दिवसांनी. फोटोत नवरदेव कुठून तरी मार खाऊन आल्यासारखा दिसतो.

नको वाटत असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोन हात मारा, पण ते पाण्यात विरघळतं म्हणून फक्त छपराखालच्या कोरड्या लाकडाला. आणि वाळवीचं जमिनीत ओतायचं औषध विहिरीच्या बाजूला अजिबात नको.

देशावरची_सून | 14 एप्रिल
मी सोलापूरकडची, आमच्याकडे माळवदाची घरं. दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकून ती चोपायची, झालं. तुमचं हे कौल, वासा, रीप, वानर, फुरसं सगळं वाचून छाती दडपली. इतका पाऊस पडतो तिथे राहायला गेलंच कोण पहिल्यांदा?

खार_खाजण | 14 एप्रिल
ज्याला देशावर प्यायला पाणी मिळालं नाही तो.

चाकरमानी_चाळीस | 15 एप्रिल
शेवटी पत्रा की कौल? महिना झाला, धाग्याचा प्रश्न तसाच आहे.

ओटीवरचा | 15 एप्रिल
अजून ठरलं नाही. जुनी कौलं चारशे दहा मिळाली आहेत, बारा रुपयाने, एकाच छापाची. अडीचशे-तीनशे कमी पडतायत. मिरगाला अजून पावणेदोन महिने आहेत, मिळतील.

जुना_गवंडी | 15 एप्रिल
मिरगाचा भरवसा धरू नका.

ओटीवरचा | 27 मे
जुना_गवंडी, तुमच्या तोंडात साखर पडो की काय पडो ते कळत नाहीये. 20 तारखेपासून जो लागला तो थांबलाच नाही, आणि काल बातम्यांत सांगितलं की मोसमी पाऊस मुंबईतही पोचला. 26 मे! माझ्या यादीत 25 मे ते 5 जून असं 'वाड्याचं छप्पर' लिहिलेलं होतं. सुतार आंब्यातून मोकळा होऊन 19 ला आला, एक दिवस काम केलं. आम्ही वासे चढवले आणि रिपा मारायला घेतल्या तेवढ्यात वरून सुरू. चार दिवस ताडपत्री धरून बसलो. मग उघडीप मिळाली त्या एका सकाळी सुतार, मी, शेजारचे दोघे आणि बागेत राखणीला असलेला नेपाळी दादा असे पाच जण चढलो आणि होती ती चारशे कौलं डोंगराकडच्या उतारावर बसवली. दुसऱ्या उताराला कौलं नव्हतीच. दापोलीहून पत्रे आणून दुपारपर्यंत ठोकले.

म्हणजे वाड्याला आता एका बाजूने कौल आणि एका बाजूने पत्रा आहे. दोन्ही पार्ट्यांनी विजय जाहीर करायला हरकत नाही.

पागोळी | 27 मे
घराचं काय? मागची भिंत?

ओटीवरचा | 27 मे
कोरडी. पाट नुसता धो धो वाहतोय, काल रात्री बॅटरी घेऊन तीनदा बघून आलो, उगाच. रंग दिलेला नाही, टाइल्स नाहीत, बजेटमधले एक लाख दहा हजार उरले आहेत, ही गोष्ट काकांना सांगितलेली नाही. सातबारावाली रागावतील.

सातबारावाली | 27 मे
ग्रुपवर टाका. आत्ता.

चाकरमानी_चाळीस | 28 मे
पण वाड्यात ठेवणार काय, गुरं तर नाहीत? निवास-न्याहारी सुरू करताय का? 'गव्हाणीत न्याहारी' अशी पाटी लावा, मुंबईकर रांग लावतील.

ओटीवरचा | 28 मे
तेच तर सांगायचं राहिलं. पावसाच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी आल्या, त्यांच्या गोठ्यात पाणी शिरलं होतं. म्हणाल्या दोन दिवस गाय बांधू का. आता आठवडा झाला. गाय पत्र्याच्या बाजूला उभीच राहत नाही, पाऊस वाजायला लागला की दावं ताणून कौलाखाली येते.

पागोळी | 28 मे
घ्या. निकाल लागला.

चाकरमानी_चाळीस | 28 मे
गाईचं मत धरायचं तर माझ्या वानरांचंही धरा.

मांगरकार | 28 मे
दूध गावता काय रे?

ओटीवरचा | 28 मे
अर्धा लिटर, रोज सकाळी, काकी ओटीवर ठेवून जातात. बायको परवा येतेय, तिला अजून गाईचं सांगितलेलं नाही. आणि एक तांत्रिक प्रश्न: माजघरात बरोबर पलंगाच्या उशाशी एक कौल टपटपतंय, बाहेरून बघितलं तर एकही फुटलेलं दिसत नाही, आता ओल्या छपरावर चढवत नाही. काय करू?

जुना_गवंडी | 28 मे
फुटलेलं नाही, सरकलेलं असणार. पाणी जिथे पडतं तिथे नाही, त्याच्या दोन-तीन ओळी वर बघा. आतून शिडीवर उभं राहून काठीने हळूच वर ढकला, खाचेत बसलं की आवाज येतो. तोपर्यंत बादली.

सदाशिवपेठी | 28 मे
आमच्या वाड्यात पण गळतं. आम्ही पलंग सरकवला 1997 ला, अजून तिथेच आहे.